डोनर, म्हणजे मदत देणाऱ्या देशांनी एकत्र बसावं, पण कोणाच्या ओसरीवर?

आमच्याइकडं बचत गटातल्या कोणत्याही बाईले विचारा, घरी सर्वेवाले किती आले? दीड एकर कोरडवाहू तेवढंच, पण दर संस्थेचा फॉर्म वेगळा, रजिस्टर वेगळं, मीटिंगचा वार वेगळा, आधारची झेरॉक्स मात्र सगळ्यांनाच पाहिजे. काऊन भाऊ, मागच्यानं लिवून नेलं ते तुमच्यापाशी नाही का? नसते बाप्पा!

देशांचंही तेच आहे. टांझानियात मदत देणाऱ्या देशांची पथकं इतकी यायची की शेवटी तिथल्या सरकारनं सांगून टाकलं, बजेटच्या महिन्यांत कोणी येऊ नका, आम्हाले आमचं काम करू द्या. २००५ मध्ये पॅरिसला देणारे-घेणारे सगळे बसले, ठरलं की घेणाऱ्या देशाच्या प्लॅननुसार चालायचं, दौरे एकत्र करायचे, हिशेबाचे नियम सारखे ठेवायचे. २०१० पर्यंतची १३ टार्गेट होती, पुरं झालं फक्त १. कसं होणार, प्रत्येकाले आपल्या देशातल्या टॅक्स भरणाऱ्याले दाखवायले गोणीवर आपलाच झेंडा पाहिजे अन् कंत्राटही आपल्याच कंपनीले.

पण मले या समन्वयाचीही थोडी भीतीच वाटते. १९५८ मध्ये भारताची परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा वर्ल्ड बँकेनं देणाऱ्या देशांचा गट जमवला, पैसा आला, खोटं कशाले बोलू. पण गावातले सगळे सावकार एका ओट्यावर बसले की घेणाऱ्याची जी गत होते तीच आपली झाली. १९६६ ले वर्ल्ड बँक अन् अमेरिकेच्या दबावात रुपया पाडावा लागला, डॉलर ४.७६ वरून थेट साडेसात रुपयांवर.

म्हणून २००३ चा निर्णय मले पटते. भारतानं लहान डोनर देशांना सांगितलं की सरकारी मदत बंद करा, द्यायचंच असेल तर एनजीओमार्फत द्या, अन् अमेरिका, ब्रिटन, जपान, जर्मनी, रशिया, युरोपियन युनियन एवढेच ठेवले. काही लोक याले माज म्हणतात. म्हणू द्या, पाच-पन्नास जणांचे रिपोर्ट भरण्यात ऑफिस अडकवण्यापेक्षा नाही म्हणणं स्वस्त पडते. एकत्र कोणी यायचं अन् पैसा कुठं लावायचा हे घेणाऱ्यानंच ठरवलं पाहिजे.

आता यात एक गोम आहे, ती आपलीच. घेणाऱ्यापाशी स्वतःचा प्लॅन पाहिजे ना! ग्रामपंचायतीचा विकास आराखडा कागदावर दरवर्षी बनते, पण किती गावांत ग्रामसभा खरंच भरते अन् किती ठिकाणी सह्यांचं रजिस्टर घरोघरी फिरते, हे इथं वाचणाऱ्यांना मी काय सांगू. उद्या बाहेरचा कोणी खरंच म्हणाला, तुमचा आराखडा दाखवा, आम्ही त्याच्यातच पैसा टाकतो, तर त्याले कोणता कागद देणार आहो आपण?