सात पिढ्यांचं मृत्युपत्र

अमळनेरला दगडी दरवाजाजवळच्या कट्ट्यावर बापूने ठोकून दिलं, "ट्रस्ट करून टाकला की जमीन सात पिढ्या हलत नाही."

"प्रसन्नकुमार ठाकुरांनाही तसंच वाटलं होतं," वकील आप्पा म्हणाले. "कलकत्त्याचे बडे जमीनदार, स्वतः वकील. एकुलता मुलगा ज्ञानेंद्रमोहन १८५१ मध्ये ख्रिस्ती झाला. बापाने १८६२ च्या मृत्युपत्रात इस्टेट विश्वस्तांकडे दिली. लाभ पुतण्या जतींद्रमोहनला हयातीपुरता, मग पुढे पुरुषांचीच साखळी. मुलाला छदाम नाही. १८६८ मध्ये बाप गेला, मुलाने दावा लावला."

"धर्म बदलला तर वारसा गेलाच ना भो?"

"नाही. १८५० च्या कायद्याने ते थांबलं होतं. अडचण निराळीच. हिंदू वारशाच्या दोन पद्धती. बंगालात दायभाग, तिथे वडिलोपार्जितही बाप हवं त्याला देऊ शकायचा. आपल्याकडे मिताक्षरा, वडिलोपार्जितात मुलगा जन्मतःच हिस्सेदार. खान्देशात त्याने सरळ वाटणी मागितली असती. स्वकष्टार्जिताचं मात्र बापाची मर्जी."

"मग हरला म्हणा."

"अर्धा. १८७२ ला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टाने, पुतण्याचा हयातीचा हक्क ठेवला, पुढची साखळी तोडली. मृत्युपत्र करणारा मरतो तेव्हा जो जन्मलाही नाही अन् गर्भातही नाही, त्याला हिंदू कायद्याने देणगी पोचत नव्हती. शिवाय कायद्यात नसलेला वारसाक्रम खासगी माणसाला पाडता येत नाही. मधे विश्वस्त घातल्याने रद्द कलम जिवंत होत नाही. पुतण्यानंतरचा हक्क मग कायदेशीर वारसाचा. म्हणजे त्या टाकलेल्या मुलाचाच!"

"कागदावर," नाना म्हणाले. कोर्टात शिरस्तेदारी केलेला माणूस, त्यांना निकालापेक्षा ताबा महत्त्वाचा. "मुलगा १८९० ला गेला, पुतण्या १९०८ पर्यंत जगला."

"ते इंग्रजांच्या काळचं. आता काय?" बापू हटेना.

"१९१६ पासून न जन्मलेल्यालाही देता येतं. पण मधे कुणाचा हयातीचा हक्क ठेवला, तर उरलेला सगळाच हक्क त्या बाळाला द्यावा लागतो. त्यालाही 'हयातीपुरता' लिहिलं की ते कलम पडलं. उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ११३. अन् ११४ प्रमाणे हयात माणसांचं आयुष्य अधिक त्या बाळाचं अज्ञानपण, म्हणजे ते सज्ञान होईपर्यंतचा काळ, याच्यापलीकडे हक्क मिळणं लांबवता येत नाही. नातू, पणतू, खापरपणतू असे मसुदे लोक हौसेने लिहून आणू राहिले, पहिल्या न जन्मलेल्यापाशीच गाडी अडते."

"देवस्थानांचे ट्रस्ट तर चालूच आहेत की!"

"सार्वजनिक धर्मादायाला ही मुदत नाही. पण मग उत्पन्न घरात येत नाही, हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे."

"बरं, 'कधीच विकू नये' एवढं तरी लिहू?"

"पूर्ण मालकी देऊन वर तसं लिहिलं, तर अट रद्द अन् मालकी कायम. पोरगा दुसऱ्या दिवशी खरेदीखत करून देईल."