तिले एकांत पायजे मनते

गेली सात वर्षे मी कथा लिहितो आणि त्यांपैकी सहा वर्षे माझ्या कथांमध्ये समुद्र होता. विदर्भातल्या मोर्शी तालुक्यातल्या माणसाने समुद्राविषयी लिहू नये असा काही कायदा नाही. परंतु मी समुद्र पाहिला तो एकदाच, मेहुण्याच्या लग्नासाठी मुंबईला गेलो असता, टॅक्सीच्या काचेतून, आणि तेव्हाही मांडीवर साड्यांची दोन खोकी होती. तरीही माझे नायक लाटांकडे पाहत अंतर्मुख होत आणि नायिका पारिजातकाखाली उभ्या राहून ‘मला थोडा एकांत हवा आहे’ असे म्हणत.

माझ्या कथांची पहिली श्रोती माझी आई. तिला वाचता येत नाही, म्हणून मी ओसरीत बसून वाचतो आणि ती तूर पाखडता पाखडता ऐकते. तिचा अभिप्राय तोंडाआधी सुपातून येतो. कथा रंगली तर सूप मंदावते, कंटाळवाणी झाली तर जोराने चालू लागते. समुद्रकाठच्या प्रसंगांना तर ते असे काही वाजत असे की मला आवाज चढवून अंतर्मुख व्हावे लागे. पारिजातकाखालच्या त्या वाक्याला मात्र ती थेट बोलली. “हे बाई इतकी हळू काहून बोलते? आंगात कणकण हाय काय तिच्या? अन् एकांत पायजे मनते, त मंग वावरात जाय म्हना तिले, कपाशी येचाची हाय.”

मी मनातून दुखावलो. पण त्या रात्री कथा पुन्हा वाचली तेव्हा ती बाई मलाही तापाने फणफणलेली वाटू लागली. आमच्याकडे जंबेरी या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात आणि डोळ्याखालून फूट निघाली की ती खुडून टाकतात, नाही तर झाड जंबेरीवर जाते. मीही इतकी वर्षे खालून निघालेला प्रत्येक आपला शब्द इमानाने खुडत आलो होतो. फरक इतकाच की वर बांधलेला डोळा कधीच वाळून गेला होता.

पुढे एका संपादकांनी कथा परत पाठवताना ‘मातीचा गंध आणा’ असे सुचवले. मी माती टोपल्याने आणली. प्रत्येक पात्र दर वाक्याला ‘राजेहो’ म्हणू लागले, तलाठी ‘काहून बे’ म्हणाला, डॉक्टर ‘काहून बे’ म्हणाला, एवढेच काय, मेलेल्या आजोबांचा आत्माही ‘काहून बे’ म्हणत प्रकटला. आईने पाच मिनिटे ऐकले आणि अतिशय गंभीरपणे विचारले, “हे कोन्या गावचे लोकं होय?”

आमच्याच तालुक्यात रिद्धपूर आहे, जिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून ऐकून मराठीत लीळाचरित्र सिद्ध केले. त्याच परंपरेतल्या नागदेवाचार्यांनी, संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवदेवाला, अशाने संस्कृत न कळणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असे सांगून थांबवले. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते आणि मला त्यात चांगले गुण मिळाले होते. घरची म्हातारी सूप घेऊन समोर बसलेली असताना त्याचा मला कधी उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

मग एके दुपारी ती फोनवर मावशीला मोटर जळाल्याची हकिकत सांगत होती. तिने गोष्ट मोटरीपासून नव्हे, विहिरीच्या थारोळ्यावर सापडलेल्या एका चपलेपासून सुरू केली. तिथून ती रात्री एकला आलेल्या थ्री फेजवर गेली, स्टार्टरमधून उडालेल्या ठिणगीवर आली, बाबा गोठ्याकडे धावले तेवढ्यात त्यांना तसेच धावत ठेवून शेजारच्यांची म्हैस व्याली त्याचे सविस्तर वर्णन करून आली आणि बाबा गोठ्यात पोचण्याच्या नेमक्या क्षणी परतली. यात ‘राजेहो’ एकदाही नव्हते. मी कणगीतली ज्वारी काढायचे सोडून तिथेच उभा राहिलो.

ती कथा मी लिहिली. निवेदन माझ्या शाळेतल्या मराठीतच ठेवले, कारण तीही आता माझीच झाली आहे. चाल मात्र आईची घेतली, म्हशीसकट. लिहिताना हात सारखा समुद्राकडे वळे. एका ठिकाणी बाबा अंधारात चांदण्यांकडे पाहू लागले होते, त्यांना मी खाली आणले.

परवा वाचून दाखवली. ठिणगीपाशी सूप थांबले. म्हैस व्याली तरी ते थांबलेलेच होते.

“मंगयवार नोता तो,” ती म्हणाली. “मंगयवारी तुहा बाप बजारात गेलता. चप्पल तथूनच आनली होती, नवी कोरी. नवी होती म्हनून त तिच्यासाठी एवढं झालं. हे लिहलं काहून नाही?”

मी मंगळवार खोडून बुधवार केला आणि चपलेच्या आधी ‘नवी’ घातले.

“हां, आता समोरचं वाच,” ती म्हणाली. समोरचे मी अजून लिहिले नव्हते.