फ्रेडी 'आपला', मग आम्ही कोणाचे?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या दहा सर्वोत्तम गाण्यांची यादी पुण्यातील माझ्या कॉलेजच्या मित्रमंडळींनी अलीकडे तयार केली. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस कडाक्याचा वाद झाला आणि मी इंग्लंडमध्ये राहते म्हणून माझी हरकत एका वाक्यात निकालात काढण्यात आली : 'तू तिकडची, तुला नाही कळायचं, फ्रेडी पाचगणीत शिकला, तो आपला आहे.' यादीत अर्थातच 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पहिले होते. त्या गाण्याबद्दल माझी तक्रार नाही, ते पहिले का ठरले याबद्दल आहे.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुल्सारा, १९४६ मध्ये झांझिबारला एका पारशी कुटुंबात जन्मला. लहानपणीच त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवण्यात आले. तिथे तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही काढला. हे सगळे खरे आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. परंतु या अभिमानापोटी क्वीनचे प्रत्येक चांगले गाणे त्याच्याच नावावर टाकायचे, हे मला मान्य नाही. 'आय वाँट टु ब्रेक फ्री' हे 'फ्रेडीच्या आयुष्याचे सार' म्हणून यादीत चौथे आले आहे. ते लिहिले बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनने. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हेही डीकनचेच. 'रेडिओ गागा' ड्रमवाल्या रॉजर टेलरचे, तर 'वुई विल रॉक यू' गिटारवादक ब्रायन मेचे. चौघेही स्वतंत्रपणे गाजणारी गाणी लिहू शकतात, असे किती बँड दाखवता येतील? क्वीनचे खरे वेगळेपण तिथे आहे, आणि नेमके तेच आमच्या यादीत पुसले गेले आहे.

यादी नीट पाहिली की ती कुठून आली हेही कळते. निम्मी गाणी १९८१ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स' या संकलनातली आहेत आणि उरलेल्यांतली बहुतेक फ्रेडीवरच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या २०१८ च्या चित्रपटामुळे पुन्हा कानांवर पडलेली. पूर्ण अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकून कोणी मत दिल्याचे दिसत नाही. इथेही रेडिओवर श्रोत्यांची मतदाने होतात आणि तीही फारशी शहाणपणाची नसतात, हे मी मान्य करते. तरीही आमच्या शेजारच्या गृहस्थांशी कचऱ्याचा बिन बाहेर काढताना या विषयावर जे बोलणे होते, त्याची पातळी वेगळी असते. त्यांना सर्वोत्तम गाणे विचारले की ते 'क्वीन टू' या १९७४ च्या अल्बमकडे वळतात. त्या तबकडीच्या बाजूंना ए आणि बी न म्हणता पांढरी आणि काळी अशी नावे दिली होती. पांढऱ्या बाजूवर मुख्यतः मेची गाणी आहेत, तर काळी बाजू सगळी फ्रेडीची. त्या काळ्या बाजूवरच्या 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तयारी आधीच ऐकू येते, असे त्यांचे म्हणणे. आपले मत ते ऐकण्यातून बनवतात, गायक कोणाच्या गावचा यावरून नाही.

माझे मत असे, की क्वीनचे सर्वश्रेष्ठ गाणे 'थर्टी-नाइन' आहे. ते १९७५ च्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'मध्ये, म्हणजे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्याच अल्बममध्ये आहे. ते मेने लिहिले आणि रेकॉर्डवर गायलेही त्यानेच. साधी अकूस्टिक गिटार, डीकनचा डबल बेस, समूहस्वरांची उंच चढत जाणारी साथ. पहिल्यांदा ऐकताना एखादे जुने खलाशांचे लोकगीत वाटावे. गोष्ट मात्र अंतराळप्रवाशांची आहे. नव्या भूमीच्या शोधात निघालेले लोक परत येतात, तेव्हा त्यांच्या हिशेबाने एक वर्ष झालेले असते आणि घरी मात्र पिढ्या उलटलेल्या असतात. सापेक्षतावादातील कालविस्तार तीन-साडेतीन मिनिटांत, एकही अवघड शब्द न वापरता सांगणारा हा माणूस स्वतः खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता. बँडसाठी अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने इंपीरियल कॉलेजमधून २००७ मध्ये पूर्ण केली. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची कारागिरी थक्क करणारी आहे. आवाजावर आवाज चढवत तो ऑपेराचा भाग उभा करताना टेप झिजून पारदर्शक होत आली होती, आणि ब्रिटनमध्ये ते गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पण ते ऐकताना मी गायकाकडे पाहत राहते. 'थर्टी-नाइन' ऐकताना मला माझी माणसे दिसतात.

पुण्यात उतरले की आई कपाटातून नवा टॉवेल काढून देते, पाहुण्यांसाठी घडी घालून ठेवलेल्यांपैकी. रोजच्या वापरातले टॉवेल बाल्कनीत दोरीवर वाळत असतात, त्यांतला एक मी मागितला तर 'असू दे गं, हा घे' म्हणते. तिच्या मनात माझ्याविषयी कसलेही अंतर नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही तो कडक, न धुतलेला टॉवेल अंगाला लागला की मी या घरातून गेलेली आहे हे समजते. मेच्या गाण्यातला प्रवासी परत येतो, तेव्हा त्याला घरच्यांनी नाकारलेले नसते. काळच पुढे गेलेला असतो.

मी पश्चिम लंडनमधील फेलथॅममध्ये राहते. झांझिबारमधील १९६४ च्या क्रांतीनंतर बुल्सारा कुटुंब इथेच आले, तेव्हा फ्रेडी सतरा वर्षांचा होता. ग्लॅडस्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्यांच्या साध्या घरावर २०१६ पासून निळी पाटी, म्हणजे प्रसिद्ध व्यक्तींच्या घरांवर लावतात ती स्मृतिपाटी, आहे. तिच्यावर फ्रेडी मर्क्युरी, कंसात फ्रेड बुल्सारा, जन्म-मृत्यूची साले आणि गायक-गीतकार एवढेच आहे. पाचगणी नाही, झांझिबारही नाही. २८५ बसमधून उतरून मी त्या रस्त्याने गेले आहे, आणि तिथे उभी असताना तो कोणाचा हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. मुलाखतींत तो पाचगणीविषयी फारसे बोलत नसे. १९९१ मध्ये त्याचे अंत्यविधी मात्र पारशी धर्मगुरूंनी केले. माणूस एका ठिकाणी पूर्णपणे मावत नाही, हे समजायला मला तरी त्याचे चरित्र पुरेसे आहे.

म्हणूनच त्या वाक्याने मला दुखावले. आठ-नऊ वर्षे पाचगणीच्या वसतिगृहात राहून गेलेला मुलगा 'आपला' होतो, आणि पुण्यातच जन्मलेली, शिकलेली, तिथल्या पावसात सायकल चालवलेली मी 'तिकडची' ठरते. प्रसिद्ध झाल्यावर मिळणारे आपलेपण मला नको आहे. पण गाण्यावर मत मांडण्याचा माझा अधिकार कोणी माझ्या पत्त्यावरून ठरवू नये, एवढी अपेक्षा मी ठेवते.

तर माझी क्रमवारी अशी : पहिले 'थर्टी-नाइन', दुसरे 'समबडी टु लव्ह', तिसरे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', आणि त्यानंतर 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'. तिच्यात इंग्लंडचा काही हात नाही. 'थर्टी-नाइन' मी पहिल्यांदा ऐकले ते कर्वे रस्त्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत, दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटच्या दुसऱ्याच बाजूला, आणि हेच क्वीनचे सर्वात मोठे गाणे आहे असे मी तेव्हाच सर्वांसमोर म्हटले होते. तो टेपरेकॉर्डर ज्याचा होता, त्यानेच ही यादी केली आहे.