वेताळ माळ्यावरच बरा

मराठी घराच्या माळ्यावर चार वस्तू हमखास सापडतात: गणपतीचं मखर, तांब्याचा बंब, कुलूप असलेली पण किल्ली नसलेली ट्रंक आणि त्या ट्रंकेत चांदोबाची बाडं. दर पिढीला एकदा घरात कोणीतरी सहा-सात वर्षांचं होतं, त्याच सुमारास कोणाला तरी ‘आमच्या वेळी’चा झटका येतो, आणि स्टुलावर स्टूल चढवून ही बाडं खाली काढली जातात.

मद्रासेत १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेलं हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागलं. म्हणजे ज्यांनी पहिले अंक वाचले ते आता पणजोबा आहेत, आणि ‘ते अंक मला देणार होतास’ हे भांडण तिसऱ्या पिढीत पोचलंय. त्या मासिकातलं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं विक्रम-वेताळाचं चित्र चित्रकार शंकर यांचं: हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, पायाशी कवट्या आणि राजाच्या चेहऱ्यावर ‘आज काय विचारतोय कोण जाणे’ हा भाव. माळ्यावरून बाड उतरवणाऱ्याचं ध्यान याहून वेगळं नसतं. अटही तीच. तोंड उघडलं की ओझं परत झाडावर.

पहिलं तोंड उघडतं ते वासावरून. ट्रंकेत कोणे एके काळी टाकलेल्या डांबरगोळ्या उडून गेलेल्या असतात, वास मात्र पानापानात मुरलेला असतो. त्यावर कोणीतरी ज्येष्ठ म्हणतं, ‘उन्हं द्या दोन दिवस.’ देऊ नका. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. ऊन लागलं की ते पिवळं पडतं आणि कागद पापडासारखा मोडतो. पंख्याखाली, सावलीत, बाड अर्धवट उघडून उभं करावं आणि तीन-चार दिवस वाट पाहावी. धूळ झाडायला दाढीचा जुना, पण कोरडा ब्रश घ्यावा आणि झटका शिवणीकडून बाहेर मारावा. उलटा मारलात तर सगळी धूळ शिवणीत जाऊन बसते आणि तिथेच नांदते.

ब्रश फिरवताना चंदेरी, वळवळणारं, माशासारखं काही पळालं तर ती कसर. तिला गोष्टीत रस नसतो, तिला खळ आवडते. बाइंडरने पुठ्ठ्याला लावलेली खळ, आणि आजीने बाडं ज्या सुती साडीत गुंडाळली तिचीही खळ. कडक खळीच्या साडीत पुस्तकं बांधणं म्हणजे उंदराला वरणभाताचं ताट वाढून वर ‘सावकाश होऊ द्या’ म्हणणं. कडुनिंबाचा पाला घालायचाच तर खडखडीत वाळलेला. ओलसर पाल्याचे डाग राजकन्येच्या गालावर कायमचे उमटतात.

कसरीवर खात्रीचा घरगुती उपाय एकच, आणि घरातल्या बायकामाणसांसमोर तो मोठ्याने बोलायची माझी छाती होत नाही. बाड डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत घालावं, हवा दाबून काढावी, तोंड चिकटपट्टीने घट्ट बंद करावं आणि उणे अठरा अंशांवर दोन आठवडे. शेजारी मटार आणि खोवलेला नारळ असतो, असू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची, म्हणजे दव धरेल ते पिशवीवर, कागदावर नाही. लोक चुकतात ते इथेच. दोन आठवडे धीर धरतात आणि शेवटच्या दिवशी ‘बघू तरी’ म्हणून पिशवी फोडतात.

आता खरं दुखणं. बारा अंकांचं बाड घरोघरच्या बाइंडरांनी बहुधा आडवं टोचून शिवलेलं असतं: बारा अंक एकावर एक रचायचे, पाठीपासून बोटभर आत आरीने भोकं पाडायची आणि दोरा ओढायचा. मजबूत काम. फक्त आतल्या बाजूची अक्षरं शिवणीच्या पोटात जातात. वर तीन बाजूंनी कटर फिरवून पानांचे क्रमांकही नेलेले असतात. त्यामुळे राक्षस म्हणतो, ‘मी तुला खाऊन टा’, आणि त्याचा ‘कीन’ शोधायला दोन माणसं लागतात: एक पान ताणून धरायला, दुसरं टॉर्च मारायला. पान फार ताणलं तर ‘खाऊन’सुद्धा हातात येतं.

म्हणून ती शिवण उसवावी. दोरा बाहेरून दर टाक्याला कापावा, ओढू नये. अंक सुटे झाले की प्रत्येकाच्या मध्यावर दोन पिना दिसतील, गंजलेल्या, भोवती तपकिरी वर्तुळं. उत्साही मंडळी त्या नखाने उपटतात आणि मधलं जोडपान हातात घेऊन उभी राहतात. अंक मधोमध उघडून, बोथट सुरीने पिनेचे दोन्ही पाय आतून उभे करावेत आणि मग पाठीच्या बाजूने तिला अलगद बाहेर घ्यावं. पिनेच्या जागी सुती दोरा: घडीवर तीन भोकं, आतून मधल्या भोकात सुई घालायची, बाहेरून वरच्यातून आत, आतून लांब टाका घेत खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि गाठ त्या लांब टाक्यावर. दोऱ्यावर आधी मेणबत्ती घासली तर तो कागद कापत नाही.

फाटलेल्या पानांवर मागच्या पिढीने सेलोटेप लावलेली असते. तिची पट्टी केव्हाच गळून पडलेली असते आणि गोंद कागदात उतरून मधाच्या रंगाचा पट्टा उरतो, तो बहुधा नेमका प्रधानाच्या तोंडावर. तो डाग घरी निघत नाही. प्रधानाला तसंच स्वीकारावं. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. पान उष्णतेने प्लास्टिकात कैद होतं, परत निघत नाही, आणि दहा पानं केलीत की बाड मिटत नाही, मगरीसारखं आ वासून बसतं.

चिकटवायला खळच, पण ताजी आणि बेताची. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडाव्यात, मग मंद आचेवर सतत ढवळत चार-पाच मिनिटं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत. गाळून, गार करून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन दिवस टिकते, मात्र डब्यावर ‘खळ’ असं लिहावं, नाहीतर कोणीतरी साखर आणि वेलदोडा घालतं. जुने बाइंडर किडीसाठी तिच्यात मोरचूद घालत. आपण घालू नये. ते विष आहे, आणि बोटाला थुंकी लावून पान उलटणारे आजोबा अजून घरात आहेत. फेव्हिकॉलही नको, तो कडक होतो आणि पुढच्या वेळी कागद त्याच्या शेजारून फाटतो.

जोडपट्टी जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण लांब तंतूंच्या चिवट कागदाची, सेंटीमीटरभर रुंद. ती कापायची नाही, पाण्याची ओली रेघ मारून फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि तेच कागदाला धरून राहतात. खळ पट्टीला लावायची, पानाला नाही. वर-खाली बटर पेपर, मग टिपकागद, त्यावर सपाट फळी आणि फळीवर घरातला पाटा, रात्रभर. टिपकागद पंधरा मिनिटांनी एकदा बदलावा, नाहीतर पान लाटेसारखं वाळतं. बटर पेपर विसरलात तर डावं पान उजव्याला चिकटतं आणि राजकन्येचं राक्षसाशी लग्न लागतं. त्यातून घटस्फोट नाही.

एवढं होऊन अंक मांडीवर येतो आणि वाचन सुरू होतं. मुलांना सांगायला एक मुद्दा हाताशी ठेवावा: मूळ संस्कृतात, सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासंग्रहात, हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. नाव त्रिविक्रमसेन. तिथे वेताळाच्या गोष्टी पंचवीस. मासिकाने त्याच झाडावर वेताळाला पुढची अनेक वर्षं दर महिन्याला लटकवलं. सरकारी नोकरीतही इतक्या फेऱ्या होत नाहीत.

चोविसाव्या खेपेला राजा गप्प बसतो, कारण प्रश्न नात्याचा आहे. एक बाप आणि मुलगा रानात बायकांच्या पावलांचे ठसे पाहतात आणि ठरवतात: मोठ्या पावलांची बापाला, लहान पावलांची मुलाला. भेटतात त्या मायलेकी, आणि मोठी पावलं निघतात लेकीची. दिल्या शब्दाप्रमाणे बाप लेकीशी लग्न करतो, मुलगा आईशी. दोन्ही जोडप्यांना मुलं होतात. तर ती मुलं एकमेकांची कोण?

राजाला सुचलं नाही. आपल्याकडे मात्र हे वाक्य पुरं व्हायच्या आत आत्या स्वयंपाकघरातून येते आणि ‘सोप्पंय, काका लागतो’ म्हणते. काका म्हणतात, आईकडून धरलं तर मामा. आजी म्हणते आधी सोयरीक कोणी जमवली ते सांगा. कोणीतरी कागदावर वंशावळ काढायला घेतं, आणि जवळ दुसरा कागद नसल्यामुळे अंकाच्या मलपृष्ठावर, बॉलपेनने. तेवढ्यात मांडीवरचं पोर झोपलेलं असतं. रात्री अकरा वाजता कोणीतरी अंक गोळा करतं, साडीत गुंडाळतं आणि स्टुलावर स्टूल ठेवायला लागतं.

साडी खळीचीच असते.