कपिंजल, राहणार सोलापूर

"काय नाव म्हणालात ओ?"

काउंटरपलीकडच्या मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. मी पुन्हा सांगितलं.

"कपिल ना?"

"कपिंजल. प-ला पहिली वेलांटी, वर टिंब."

"टिंब कशाला?"

याचं उत्तर वडिलांकडे आहे. ते संस्कृतचे मास्तर. पोराच्या नावाचा दुसरा पोरगा वर्गात नको, एवढीच त्यांची इच्छा. ती फळली. पुस्तकांत मात्र मी जागोजागी सापडतो, आणि एकदाही धड अवस्थेत नाही.

बाणभट्टाच्या 'कादंबरी'त मी पुंडरीकाचा मित्र. त्या प्रेमवीराला समजावून घसा कोरडा पडतो, तरी तो विरहाने मरतोच. त्याच्यापायी आभाळातून धावताना मी एका विमानस्थ देवाला ओलांडतो. तो भडकतो : घोड्यासारखा ओलांडून गेलास, हो घोडा! झालो. पुढे राजपुत्र चंद्रापीड माझ्यावर बसून हिंडतो. हा नियम आमच्या सात रस्ता चौकाला लावला, तर संध्याकाळपर्यंत गावात रिक्षा कमी आणि घोडे जास्त होतील.

पंचतंत्रात मी तित्तिर पक्षी. राहत्या जागेवरून सशाशी भांडतो आणि न्याय मागायला मांजराकडे जातो. मांजर दोघांनाही खातं. कचेरीच्या पायऱ्या चढताना मला नेमकी हीच गोष्ट आठवते. महाभारतात इंद्राने तीन तोंडांच्या त्रिशिराला मारल्यावर त्याच्या सोम पिणाऱ्या तोंडातून कपिंजल पक्षी उडाले. हे मी सासरी अजून सांगितलेलं नाही. लहानपणी नान्नजला हुरडा खायला गेलो होतो, तेव्हा ज्वारीच्या ताटांमधून एक मातकट, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी तुरुतुरु पळाला. वडील हातातलं कणीस तसंच धरून म्हणाले, "तो बघ, तू."

तर, शाळेच्या दाखल्यावर मी कपिल, रेशनकार्डावर कपीजल, आधारवर कपिंजल. मॅडम म्हणाल्या, तिन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा.

घरी वडील चक्क खूश झाले. "अरे, हा तर मीमांसेतला, वेदवचनांचा अर्थ लावायच्या शास्त्रातला प्रश्न! 'वसंतासाठी कपिंजल अर्पावेत' असं यज्ञाचं वचन आहे. अनेकवचन. मग किती अर्पायचे? शंभर? हजार? मीमांसकांनी खल करून ठरवलं, तीन. संस्कृतात दोनाला द्विवचन वेगळं, म्हणून तिनात अनेकवचन भागतं, चौथा मारायचं कारण नाही."

"म्हणजे मला तीनदाच मारायचं."

"शास्त्राप्रमाणे."

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याकडे दीड तास बसलो. टिंब समोर बसून घालून घेतलं, वेलांटी बोटाने दाखवली. सही झाली, शिक्का बसला. घरी येऊन कागद वडिलांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, पहिली ओळ वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

'मी, कपिंजळ...'

"तिनात भागत होतं रे," वडील म्हणाले.