कडी लावलेला रुपया, दोन मुखांचे नाणे आणि रामदरबार : एका अभिप्रायाला दुकानमालकाचे उत्तर

नमस्कार.

नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या नाण्यांच्या दुकानाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आमच्याकडून घेतलेला राणीछाप रुपया आपल्या सराफांनी तोलला तेव्हा बारा ग्रॅमहून अधिक भरला, म्हणून तो नकली असावा आणि कडी लावलेला असल्याने मोडीच्याच लायकीचा आहे, असे त्यांनी आपल्याला सांगितले. आपल्या चिरंजीवांनी घेतलेले, दोन्ही बाजूंना राजाचे मुख असलेले नाणे बनावट निघाले, अशी आपली दुसरी तक्रार आहे. आणि आपल्या आजोबांच्या पेटीतील 1818 सालचे रामदरबाराचे नाणे आम्ही ‘टोकन’, म्हणजे चलन नसलेला नाण्यासारखा बिल्ला, ठरवले, ते स्वस्तात लाटण्यासाठीच, असाही आपण आरोप केला आहे. ‘हे दुकान खराब माल दुर्मीळ म्हणून खपवते’ हे आपले वाक्य वाचून उद्या कोणी नवा संग्राहक गैरसमज करून घेऊ शकतो, म्हणून हे उत्तर जाहीरपणे आणि थोडे विस्ताराने देत आहे.

प्रथम रुपयाविषयी. टांकसाळीतून निघताना या रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम असे आणि त्यात चांदी सुमारे 91.7 टक्के असे. वापरात झिजलेला रुपया याहून हलकाच भरतो, त्यामुळे काट्यावर बाराचा आकडा पाहून सराफांना शंका आली असेल तर ते स्वाभाविक आहे. परंतु त्या काट्यावर रुपयाबरोबर कडी आणि ती जोडताना दिलेला डाक, म्हणजे वितळवून लावलेला सांध्याचा धातू, हेही तोलले गेले, ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्या बिलावर ‘राणीछाप रुपया, 1862, वरून कडी जोडलेला, बदल केलेले नाणे’ असे स्पष्ट मराठीत लिहिलेले आहे आणि वजनाच्या पुढे ‘कडीसह’ हा शब्द आहे. किंमतही त्याच हिशेबाने, चांदीच्या भावाच्या थोडी वर लावली होती. कडी नसलेल्या, स्वच्छ रुपयाची किंमत आम्ही लावलेली नाही.

आता आपण तो रुपया भिंगाखाली धरावा, अशी माझी विनंती आहे. राणीच्या मुकुटाच्या वरच्या बाजूला कडेवरचे कंगोरे डाकाखाली बुजलेले दिसतील, आणि तेथील चांदीचा रंग बाकीच्या नाण्याहून किंचित करडा आहे. मागची बाजू पाहिली तर मजकुराभोवतीची वेलबुट्टी जवळजवळ सपाट झालेली आहे, तर पुढच्या बाजूला राणीच्या वस्त्रावरची नक्षी अजून मोजता येईल इतकी शाबूत आहे. गल्ल्यातून आणि खिशांतून फिरलेला रुपया दोन्ही बाजूंनी सारखा झिजतो. मागचीच बाजू अशी झिजते ती नाणे वर्षानुवर्षे कोणाच्या तरी गळ्यात राहून लुगड्यावर घासले गेल्यामुळे. विदर्भात आणि शेजारच्या छत्तीसगडात कळदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या, रुपयांना कड्या लावून, गोफात ओवून गळ्यात घालण्याची चाल जुनी आहे. घरातील बाईची ती शिल्लक असे आणि अडीनडीला त्यातला एखादा रुपया मोडला जाई. व्यापारातून आलेली व्हेनिसची सोन्याची डुकॅट नाणी आपल्याकडे अशीच दागिन्यांत गेली आणि पुतळ्यांच्या माळेचे मूळ तिथवर पोहोचते. टांकसाळीतून निघाल्या स्थितीतील नाणी जमवणाऱ्याला कडीचा रुपया नको असतो, आणि त्याच्या दृष्टीने सराफांचे म्हणणे रास्तच आहे. मात्र लोकांनी नाण्याचे पुढे काय केले हे ज्याला जमवायचे आहे, त्याच्यासाठी तो डाक आणि ती एका बाजूची झीज हाच संग्रहाचा विषय असतो. अमेरिकेत 1913 ते 1938 या काळातील पाच सेंटच्या बफेलो नाण्यांवर भटक्या मजुरांनी कोरून काढलेले चेहरे आज याच कारणाने आवडीने जमवले जातात.

या रुपयाविषयी आणखी एक गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटते, कारण आपण त्याच्या सालावरही शंका घेतली आहे. 1862 हे साल घातलेले रुपये पुढे 1874 पर्यंत पाडले जात होते, त्यामुळे ते बाजारात मुबलक दिसतात आणि मुबलक दिसतात म्हणून ते नकली ठरत नाहीत. त्यांवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असे असते. ‘एम्प्रेस’ हा किताब नाण्यांवर 1877 पासून येतो. नागपूरकरांना हे साल लक्षात ठेवणे सोपे आहे, कारण आपली एम्प्रेस मिल त्याच वर्षी 1 जानेवारीला सुरू झाली आणि तिचे नावही त्याच किताबावरून पडले.

चिरंजीवांचे नाणे हे जादूगाराचे नाणे आहे आणि त्याच नावाने ते दिले गेले. पाकिटावरही तसेच लिहिलेले आहे. जॉर्ज पंचमच्या पाव आण्याची दोन नाणी घेऊन एक लेथवर आतून वाटीसारखे कोरायचे, दुसरे कडेने तासून त्यात घट्ट बसवायचे, अशी ही रचना असते. एका बाजूला कडेच्या आतून गोल फिरणारी केसाएवढी रेघ नखाला लागते, आणि फरशीवर टाकल्यास अखंड नाण्यासारखा खणखणीत आवाज येत नाही. टांकसाळीची चूक म्हणून असे नाणे लाखात जाते, असे चिरंजीवांना इंटरनेटवर कोणी सांगितले असेल, तर ती माहिती आमच्या दुकानातून गेलेली नाही. टांकसाळीची खरी चूक, म्हणजे ठसा सरकलेला किंवा एकाच बाजूचा ठसा दुसऱ्या बाजूला उलटा उमटलेला, ही धातूवर दाब पडतानाच घडते. मागाहून कापलेले, ठोकलेले, आम्लात बुडवलेले नाणे त्यात मोडत नाही. वापरातील नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे नाणे कायदा 2011 नुसार गुन्हा आहे, म्हणून चालू नाणी कापून-कोरून देण्याचे काम आम्ही कोणी कितीही आग्रह केला तरी घेत नाही.

रामदरबाराविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते, कारण या एका वस्तूपायी मी चांगल्या, शिकलेल्या कुटुंबांना फसताना पाहिले आहे. आपल्या नाण्यावर एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान आहेत, दुसऱ्या बाजूला कमळ, इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल वन आना’ आणि 1818 असा मजकूर आहे. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. 1818 साली कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांची चलने वेगवेगळी होती, एकसारखे चलन 1835 पासून आले, आणि त्या सालच्या तांब्याच्या पाव आण्यावर कंपनीचे सिंहांचे मानचिन्ह आहे, देवतांचे चित्र नाही. ‘यूकेएल’ या अक्षरांना तर कंपनीच्या कोणत्याही नाण्यात जागा नाही. राम-सीतेची अस्सल राजमुद्रा पाहायची असेल तर ती अकबराने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस, 1604-05 च्या सुमारास पाडलेली आहे आणि ती अत्यंत दुर्मीळ आहे. आपल्याकडे आहे ते पूजेत ठेवण्यासाठी किंवा यात्रेत विकण्यासाठी मागाहून तयार केलेले टोकन आहे. आजोबांनी ते श्रद्धेने देवघरात ठेवले असेल, तर त्या श्रद्धेला कोणी बोट लावू नये, आणि आमच्या दुकानात ते लावलेही गेले नाही. आपण किंमत विचारली म्हणून आम्ही किंमत सांगितली.

ते आम्हाला लाटायचे असते तर आम्ही खरेदीचा भाव दिला असता. आम्ही ते विकत घेण्यास नकार दिला, हे आपल्या अभिप्रायातच आहे. अशी टोकने तांदळाचे दाणे ओढतात, त्यात दिव्य शक्ती आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार आहे, असे सांगून आधी ‘तपासणी’चे पैसे मागणाऱ्या टोळ्या वर्षानुवर्षे फिरत आहेत. जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या व्यवहारासाठी बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा जाहीर इशारा रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट 2021 मध्ये दिलेला आहे. आपण लिहिता की फोनवरील एका गृहस्थाने या नाण्याला नऊ लाख देऊ केले असून नोंदणीसाठी काही रक्कम भरायला सांगितली आहे. कृपा करून ती भरू नये. आपण आमच्यावर कितीही नाराज असलात, तरी एवढे आमचे ऐकावे.

आमच्या पाकिटांवर आणि बिलांवर इतका मजकूर का असतो, असेही आपण विचारले आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने उमटवलेली असते. नाव घासून दुसरे कोरले गेले असेल तर कड तेवढ्या भागात पातळ होते, आणि ते आम्ही लिहून देतो. धनत्रयोदशीला मिळणारी लक्ष्मी-गणेशाची चांदीची मुद्रा हे नाणे नव्हे, तिच्यावर मूल्य नसते, तेही लिहितो. डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा 1990 चा रुपया सरकारी टांकसाळीचा आहे आणि दीक्षाभूमीच्या परिसरात मिळणारी पदके खासगी आहेत. दोन्ही घरात आदराने ठेवण्याजोगी आहेत, परंतु बिलावर ती एकाच नावाने येणार नाहीत.

आपण रुपया आणि मूळ बिल घेऊन सोमवार सोडून कोणत्याही दिवशी दुपारनंतर यावे, सराफांनाही सोबत आणावे. त्यांच्यासमोर भिंगाखाली डाकाची जागा दाखवतो. कडी तोडून नाणे वेगळे तोलण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण ती तोडली की ते साधे खराब नाणे उरेल. त्यानंतरही रुपया नको वाटला, तर बिलातील पूर्ण रक्कम त्याच वेळी परत मिळेल. जादूच्या नाण्यालाही हेच लागू आहे. रामदरबाराचे टोकन आणण्याची गरज नाही. ते देवघरातच असू द्यावे.

दुकानमालक, महाल, नागपूर