पाण्याच्या दिवशी आलेला फॉर्म

परवा आमच्या गल्लीत पाणी आलं. सोलापूरकराला यात सांगण्यासारखं काय आहे ते लगेच कळेल. बाहेरच्यांसाठी एवढंच की आमच्या पूर्व भागात पाणी पाचव्या दिवशी येतं आणि त्या दिवशी दारात जावई आला तरी त्याच्या हातात आधी पाइप दिला जातो. नेमकी त्याच सकाळी एक मुलगी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन गल्लीत शिरली. पीएचडी करतेय म्हणाली, विषय ‘नागरी सुविधा आणि समुदाय विकास’. सगळ्यांनी तिला पुढच्या घरी पाठवलं, पुढच्यांनी आणखी पुढे. शेवटी आमच्या शेजारच्या अक्कांनी बसवून घेतलं. अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, एक डोळा मोटरीकडे.

बाराव्या प्रश्नापर्यंत ठीक चाललं होतं. तेरावा आला: ‘आपणांस दररोज सरासरी किती लिटर पाणी मिळते?’ खाली चार पर्याय.

अक्कांचा हात थांबला. ‘दररोज? कुठल्या गावचं विचारायलीस ग?’

मी हसलो, पण मुलगी कानकोंडी झाली ते बघून माझंच मला लागलं. कारण पंचवीस वर्षांपूर्वी असाच गठ्ठा घेऊन मीही फिरलोय. फॉर्ममागे पाच रुपये मिळायचे. संध्याकाळी उरलेले फॉर्म आम्ही दोघा मित्रांनी चहाच्या टपरीवर बसून कसे ‘भरले’ ते इथे लिहीत नाही. तो अहवाल पुढे कुठे गेला, आम्हाला कधी कळलं नाही. ज्यांनी खरी उत्तरं दिली होती त्यांना तर नाहीच नाही.

या शहरावर अभ्यास कमी झालाय असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी सोलापूरची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचं पुस्तक 1965 साली आलं. तेव्हा आपल्याकडे विद्यापीठ नव्हतं, गिरण्या होत्या. आता उलट आहे. गिरण्या गेल्या आणि 2004 पासून एका जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ आपल्याकडे आहे. म्हणजे आता अभ्यासकाला पुण्याहून रेल्वेने यावं लागत नाही, विद्यापीठ आहे त्या केगावहून रिक्षाने अशोक चौकात उतरता येतं. अंतर कमी झालं खरं, पण अहवाल परत गल्लीत येण्याचं अंतर काही कमी झालं नाही.

माझी तक्रार एका कुठल्या विद्यापीठाबद्दल नाही, सगळ्या पद्धतीबद्दल आहे. बघा, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर कुठे लागतं? खेड्यात. उन्नत भारत अभियानात महाविद्यालयं काय दत्तक घेतात? गावं. चांगलंच आहे, घ्यावीत. पण एखाद्या कॉलेजने महापालिकेचा एक प्रभाग पाच वर्षांसाठी धरून ठेवलाय, दरवर्षी त्याच घरांत जाऊन तेच विचारलंय, असं मी तरी बघितलेलं नाही. ‘विकास’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजून विहीर आणि बैलगाडीच येते. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं असलेलं हे शहर, त्यातल्या यंत्रमागाच्या गल्ल्या, तिथल्या बायका, हे कुणाच्या अभ्यासक्रमात कुठे बसतं?

पाण्याचंच घ्या. उजनीची पाइपलाइन, भीमेवरचं टाकळी, हिप्परग्याचा तलाव, असे तीन उगम. उजनी शंभर किलोमीटरहून लांब. उजनीहून यायच्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीवर इतकी भाषणं ऐकलीत की तिचा व्याससुद्धा पाठ झालाय. या सगळ्यावर इंजिनिअरिंगची पानं भरपूर सापडतात. पण अक्कांचा हिशेब कुणी मांडलाय का? एरवी त्यांच्या दिवसभरात हजार विड्या होतात. पाण्याच्या दिवशी सहाशे, फार तर सातशे. मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. म्हणजे पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी त्यांच्या घरात पैसा कमी येतो. पाणीपट्टी वेगळीच. यंत्रमागावर जाणारा नवरा उठून कामाला जातो, कारण पाण्याला थांबायचं काम बाईचं. पाणी रात्री दोनला सोडलं तर दुसऱ्या दिवशीची झोप कुणाची जाते, शाळा कोणत्या पोरीची बुडते, हे प्रश्न ‘किती लिटर’मध्ये मावत नाहीत. फॉर्म बनवणाऱ्याने एक पाण्याचा दिवस इथे काढला असता तर तेरावा प्रश्न आपोआप बदलला असता.

दुसरी गोष्ट घरकुलांची. कुंभारीला आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली. मग माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या पाठपुराव्यातून रे नगरची तीस हजार घरांची योजना. त्यातली पंधरा हजार 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. माझं राजकारण मास्तरांच्या राजकारणापेक्षा वेगळं आहे, पण हे काम मोठं आहे हे न मानणारा सोलापूरकर मला भेटायचाय. नागरी धोरणावर काम करणाऱ्याला जगात असली प्रयोगशाळा सहज मिळत नाही: असंघटित कामगारांची हजारो कुटुंबं भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जातायत, तीही शहराच्या हद्दीबाहेर. रिक्षाभाडं किती वाढलं? विड्या कारखान्यात द्यायला जाणं सोपं झालं की अवघड? भाड्याने दिलेली घरं किती? हे आत्ता विचारायला पाहिजे, दहा वर्षांनी ‘लाभार्थ्यांचे समाधान’ या मथळ्याखाली नव्हे.

राजकारण्यांना हे कळतं, आणि गंमत म्हणजे त्यांचं सर्वेक्षण विद्यापीठापेक्षा पक्कं असतं. कुठल्या घरात किती मतं, घरात तेलुगू बोलतात की कन्नड की उर्दू, पोरगा पुण्याला कधी गेला, सगळं तोंडपाठ. फक्त ते कागद आपल्याला दिसत नाहीत. विद्यापीठाचे कागद शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर दिसतात, पण बहुतेक इंग्रजीत, तीनशे पानी पीडीएफमध्ये. मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात एखादा चांगला अहवाल तयार झाला असता तरी कुणाच्या टेबलावर ठेवायचा होता? सभागृहात मांडायला सभागृह तर हवं.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे, हसू आलं तर येऊ द्या. ज्या गल्लीत माहिती गोळा केली त्या गल्लीत, व्हायवाच्या, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या आधी, मंडळाच्या हॉलमध्ये तासभर निष्कर्ष वाचून दाखवा. मराठीत, जमलं तर तेलुगूतही. ‘असं नाही हो, चुकीचं लिहिलंय’ असं कुणी म्हणालं तर तेही प्रबंधात घ्या. मार्गदर्शक सरांच्या शेऱ्यांइतकाच हा शेरा महत्त्वाचा धरा. चहाचा खर्च मी करतो.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिने फॉर्मवरचं ‘दररोज’ पेनने खोडलं आणि समासात काहीतरी लिहिलं. मग विचारलं, परत आले तर चालेल का, पाणी नसेल त्या दिवशी?

अक्का दोरा तोडत म्हणाल्या, ‘ये की. सकाळी येऊ नको पण, विड्या द्यायला जातो आम्ही. आणि त्या आधी ते पाइप जरा इकडं सरकव.’